शेळीच्या कानामागची गोचीड

तीर्थरूप मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? खरं सांग. मागच्या पत्रात "बरा आहे" लिहिलंस तेव्हाच मला शंका आली, कारण बऱ्या गुडघ्याबद्दल कुणी लिहीत नाही. या पाकिटाला मी तीन ठिकाणी डिंक लावलाय. एखादं ठिकाण सुटलेलं दिसलं तर समज, पत्र तुझ्याआधी कुणीतरी वाचलंय.

एवढी खबरदारी कशाला, तर मी शोध लावलाय. संग्रहालयात मला फुलपाखरांवरून उचलून गोचिडींच्या कपाटापाशी बसवलं, हे तुला ठाऊक आहे (का बसवलं, तेही एक गूढच). काम सोपं. बाटलीत गोचीड, वर स्पिरिट आणि आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: यजमान प्राणी कोणता, गाव, तारीख. यजमान म्हणजे ज्याच्या अंगावर ती जेवली तो जीव. लहानपणी उंदीरघुशी, मोठेपणी कुत्रा नाहीतर गुरं. आपल्या थोरल्या काकांसारखं, एका घरी दोनदा जेवायचं नाही. तर गेल्या महिन्यात तुझ्याकडून परतलो आणि माझ्या हाती एक गोचीड लागली. पाठीवर ढाल, म्हणजे कठीण गोचिडींच्या कुळातली, इथवर ठीक. पण या कुळात पुढची वर्गवारी करताना आधी तोंडाची लांबी बघतात, आणि हिला तोंड जवळजवळ नव्हतंच! सगळी पुस्तकं चाळली, अशी एकही नाही. चिठ्ठीवर लिहिलं: यजमान शेळी, कानामागे. नवी जात ठरली तर शास्त्रीय नावापुढे शोधणाऱ्याचं नाव लागतं, मावशी, कायमचं. बावीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं लिहितोय. एकदा माझं लागावं, बाकी काही नको.

आणि इथेच माशी शिंकली. साहेबांनी बाटली उजेडात धरली आणि नुसते हसले. अठरा महिन्यांत हा माणूस माझ्याकडे बघून हसलेला नाही! शेजारच्या टेबलावरची चिमटाबाई (चिमटा हातातून सोडत नाही म्हणून हे नाव, मीच ठेवलंय) त्या दिवसापासून माझ्या मागे उभी राहते. समोर नाही, मागे. सूक्ष्मदर्शकावरचं फडकं मी डावीकडे घडी करून ठेवतो, ते परवा उजवीकडे होतं. बाटली आता मी डब्यात, पोळ्यांखाली ठेवतो. दोघं मिळून माझा शोध ढापणार, यात तिळमात्र शंका नाही. काल साहेब म्हणाले, "ओढताना तोंड तुटून शेळीतच राहिलं असेल. गुरुवारी शेळी घेऊन या, बघू." आता एवढ्या मोठ्या माणसाला शेळी कशाला हवी? जगात सरळपणा म्हणून राहिला नाही बघ.

गुडघ्याला शेक दे. माझी काळजी करू नकोस, आणि कुणावर विश्वास ठेवू नकोस.

तुझा भाचा

ता. क. बुधवारपर्यंत एक शेळी पाठव. कुणाचीही चालेल. सोबत दोन ओळी लिही, की ही आमचीच आणि भाच्याने हिच्याच कानामागून गोचीड काढली.

ता. ता. क. रागावू नकोस. शेळी नव्हतीच. तुझ्याकडच्या सोफ्यावर, जिथे तुझा कुत्रा लोळतो, तिथे मी दुपारी आडवा झालो होतो. गोचीड माझ्याच कानामागे निघाली आणि घाबरून मी ती खसकन उपटली. चिठ्ठीवर "यजमान: मी" लिहायची लाज वाटली गं.

शेवटचं ता. क. पाकीट बंद करणार तोच मागून चिमटाबाई म्हणाली, "हलू नका, किती दिवस सुजलंय ते!" आणि माझ्या कानामागून तोंड काढलं. माझ्या गोचिडीला ते तंतोतंत बसलं. जात कुत्र्यांवरची, अगदी साधी, कपाटात तिच्या चारशे बाटल्या आहेत. बाईने साहेबांना काही सांगितलं नाही, नुसती नवी चिठ्ठी करून आत टाकली. शेळीचं राहू दे. नाव लागलं माझं, मावशी, पेन्सिलीने, ठसठशीत अक्षरात, यजमानाच्या रकान्यात.