पहिलीचा हात धरायला

तरसाली, बडोदे

प्रिय मालू,

पाकीट बघून हसशील. तरसालीहून सुभानपुऱ्याला रिक्षा मिळते, फोन तर हाताशीच असतो, आणि ही बाई टपालाने पत्र धाडते! पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि गेलं वर्षभर तर उचलतही नाहीस.

आपल्या मराठी शाळेत प्रवेशोत्सवाची तयारी चालू आहे. उन्हाळाभर मुलं गोळा करत घरोघर फिरले. आपल्या माणसांकडे चहा मिळाला, लीलो चिवडो मिळाला, मूल काही मिळालं नाही. एक सूनबाई म्हणाली, मंदाबेन, मराठी तर आम्ही घरी बोलतोच ने, शाळेत इंग्लिशच जोइए! गेल्या वर्षी तुझ्याकडेही तसंच झालं. तुझ्या नातवाच्या, अनयच्या प्रवेशाचा विषय काढला, तर तू बाकरवडीची बशी पुढे केलीस. मग मी जरा जास्तच बोलले, तूही ऐकून घेणारी नव्हेस.

आपल्या वेळची शाळा आठवते? तुमच्यासारख्या दरबारी घराण्यांची नातवंडं, आम्ही रेल्वेवाल्यांच्या पोरी, बाजव्याकडून येणारी रिफायनरीवाल्यांची मुलं. वर्गात पाय ठेवायला जागा नसायची. पहिल्या दिवशी दुसरीतल्या मुलाने पहिलीतल्या नव्याचा हात धरून त्याला फाटकापासून वर्गात न्यायचं, ही रीत तेव्हाचीच. मी फाटकाला मिठी मारून भोकाड पसरलं होतं. तू आलीस, स्वतःच्या रुमालाने माझं नाक पुसलंस आणि ओढतच आत नेलंस. बाईंनी डोळे वटारले तरी आपल्या वर्गात गेली नाहीस, दिवसभर माझ्याशेजारी मांडी घालून बसलीस. तेव्हापासून मी तुझा हात सोडलेला नाही.

यंदा पहिलीत पाच मुलं आली, मालू! धुळ्याकडची कोमल, तिचे वडील मकरपुऱ्यात कारखान्यात आहेत. दोघं भाऊ ओडिशाचे, एक बिहारचा, आणि एक चक्क गुजराती, शाळा घराजवळ म्हणून. मराठी एकट्या कोमललाच येतं, आणि नेमकी तीच तोंड उघडत नाही. बाकीचे शिकतील. शाळा चालू राहिली ती या पोरांमुळे, मला ती सगळी आपलीच वाटतात.

काल जोड्या लावायला बसले तेव्हा ध्यानात आलं, आपल्याकडे यंदा दुसरीच नाही. गेल्या वर्षी पहिलीत एकही नाव पडलं नव्हतं. मग तिसरीतल्या मुलांना बोलावलं, तर ती चारच. कोमल उरली. नावनोंदणीच्या दिवशी तिने माझ्यासारखंच फाटक धरून ठेवलं होतं. टोमणा मारत नाही ग, पण अनय आला असता तर आज दुसरीत असता आणि तिचा हात त्यानेच धरला असता. तो नाही, तर त्याच्या आजीने यावं. सोमवारी सकाळी ये. गुडघे दुखतात ना, वर्गात खुर्ची ठेवते. रुमाल मात्र आठवणीने आण.

वाट बघत फाटकाशीच उभी असलेली,
तुझीच,
मंदा