बत्ती पेटली होती

उस्ताद, आज वाळूजच्या माझ्या गॅरेजमध्ये एक गाडी आली. बटण कितीही दाबा, मागच्या दाराचं लॉक उघडेना. माझ्या कारागिरानं मीटर लावला, बारा व्होल्ट बघितले आणि लॉकची मोटर गेली म्हणून मोकळा झाला. मी तुमची बत्ती काढली. तीच, जुन्या बल्बला दोन तारा आणि टोकाला सुई. तारेत टोचली, पेटली नाही. दाराजवळच्या रबरी नळीत वाकून वाकून तार आतून तुटली होती, एखादाच धागा शिल्लक होता. एका धाग्यावरही मीटर पुरे व्होल्ट दाखवून फसतो, बत्तीला खरा करंट लागतो, ती फसत नाही, हे तुम्ही शहागंजच्या दुकानात किती वेळा ऐकवलंत. कारागीर खूश झाला. मी मात्र कागद घेऊन तुम्हाला लिहायला बसलो.

तुमच्या हाताखाली असताना आलेली ती रुग्णवाहिका केलेली व्हॅन आठवली. मागचं दार अधूनमधून अडकतं म्हणून ड्रायव्हरनं आणली, तेव्हा तुम्ही बिडकीनला गेला होता. मी काही पोर नव्हतो, एका लेकीचा बाप होतो. मीटर पाहिला, मोटर बदलली, दार उघडं, नळीतली तार सरळ, तसंच बटण दाबलं. खटखट वाजलं, गाडी दिली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ड्रायव्हर धापा टाकत येतो. दोन गल्ल्या पलीकडं दवाखान्याच्या दारात गाडी उभी, आत खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी, मागचं दार बंद. बाजूच्या दारातून स्ट्रेचर निघत नाही. आपण पळतो. पत्रा तापलाय, तिचा मुलगा काच फोडायला दगड घेऊन उभा आहे. तुम्ही त्याचा हात धरता, आत शिरून तिच्या पायाशी गुडघे टेकता, दाराची आतली पट्टी उचकटता. "लेकरा, लई दुखतंय रे." "माय, दोनच मिनिटं." बत्ती नळीच्या अलीकडं पेटते, पलीकडं नाही. तुम्ही वरून तारेचा जोड देता. खट्. दार उघडतं, आणि मला आधी रडूच येतं.

दुकानात येऊन तुम्ही मी काढलेली मोटर चालवून पाहिलीत. ठणठणीत. म्हणजे तार कालच तुटलेली. "बत्ती लगाके देखा था ना?" तुम्ही विचारलंत. ड्रायव्हर ऐकत होता. "व्हय उस्ताद, पेटली व्हती." तुम्ही हातातली बत्ती उलटसुलट करून पाहिलीत. "कभी सच, कभी झूट. मरीज की गाडी में ऐसी बत्ती नक्को." त्या दिवसापासून तुम्ही नवी वापरलीत. आयुष्यभर जिच्या भरवशावर काम केलं तिला बाजूला ठेवलंत, माझ्यावर मात्र तिळभर शंका घेतली नाहीत. ती घेतली असती तर मला सोपं गेलं असतं.

तुम्ही गेल्यावर घरच्यांनी तुमची पेटी मला दिली. तळाशी ही बत्ती फडक्यात गुंडाळलेली होती. हा कागदही आता त्याच फडक्यात ठेवतो, दुसरीकडं कुठं टाकणार? ती कधीच खोटं बोलली नाही, उस्ताद. त्या दिवशी मी ती लावलीच नव्हती.