निळ्या पट्ट्याच्या सोळा ओळी

आये, काल तुझ्या नातीने माळ्यावरून तुझा लोकरीचा डबा खाली काढला. अकरा वर्षं तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा मी जुन्या गोधड्यांच्या मागे ढकलून ठेवला होता. टाकायचं धाडस नव्हतं आणि उघडायचंही नव्हतं. पोर आता सतरा वर्षांची आहे. मोबाइलवर बघून बघून विणायला शिकलीय, आणि कामोठ्याच्या ह्या तिसऱ्या मजल्यावर, मार्चच्या उकाड्यात, मला मफलर विणणार म्हणते. "कंपनीच्या एसी बसमध्ये तुला गार होतं ना? आजीने केलेला माझा स्वेटर उगाच पडून आहे, त्याची लोकर काढते." मी म्हटलं, नवी लोकर आणू की. तर म्हणाली, "नाही, आजीचीच." हट्ट तुझाच उचललाय. उद्या रविवारी ती उसवायला बसणार आहे, म्हणून आज मी तुला लिहायला बसलेय. दुसरं कुणाला सांगू? तू उलटून विचारणार नाहीस.

तुला आठवतं, करंजाड्यात तुझ्या स्वेटरला सगळे हसायचे. मिठागरात वाढलेली बाई, बालवाडीत मदतनीस, आणि तिथल्या घाटावरच्या बाईंकडून शिकलीस काय तर लोकरीचं विणकाम. "पनवेलीत सेटर कोन घालतंय गो?" म्हणून शेजारीण चिडवायची, आणि तू म्हणायचीस, "माजी नात घालंल." पोर वर्षाची असताना तो पिवळा स्वेटर केलास. अंगाला चांगला ढगळ, आणि बाह्या खांद्याकडून खाली विणलेल्या, म्हणजे हात लांब झाला की मनगटापाशी उसवून पुढे जोडता येईल. दर दिवाळीला पोरीला तो घालून उभी करायचीस. बाही मनगटापासून किती वर सरकली ते बोटांनी मोजायचीस. "चार बोटं वाढली!" मग तेवढाच नव्या रंगाचा पट्टा जोडायचा आणि शेवटी पुन्हा पिवळा काठ. एका बोटाला चार ओळी, चार बोटांना सोळा. आधी हिरवा, मग लाल, मग निळा. लोक भिंतीवर रेघा मारतात, आपल्या घरी पोरीची उंची बाहीवर लिहिलेली होती.

मी सकाळी सातला जासईची बस पकडायची. कंटेनर यार्डाच्या ऑफिसात दिवसभर कागद, आणि पोर तुझ्याकडे. माझा स्वभाव पहिल्यापासून भित्रा. दुपारी फोन वाजला की हातातलं पेन पडायचं. पोरीचं काय, ती तर गुणी म्हणून गावभर नावाजलेली. रडत नाही, पळत नाही, एका जागी बसून राहते, दुपारची दोन-दोन तास झोपते. आणि सारखी गारठलेली. एप्रिलातही स्वेटर मागायची. तू कौतुकाने घालायचीस, आणि मलाही वाटायचं, आजीचा लळा आहे, दुसरं काय.

पाचव्या वर्षीची दिवाळी. तू पोरीला उभी केलीस आणि बोटं मनगटापाशी नेलीस. बाही गेल्या वर्षी जिथे होती तिथेच. एक बोटसुद्धा मावेना. तू चटकन हात मागे घेतलास. "लोकर सैल झाली गो बाय. धुऊन धुऊन वाढतंय ते."

"लोकर वाढते आणि पोर वाढत नाही?"

"आमी सगल्याच बुटक्या. तू काय ताडमाड हायस? मन चिंती ते वैरी नाय चिंती. जा, करंज्या तळ."

मी करंज्या तळल्या. गल्लीतल्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं, ते पाजलं. पण त्या वर्षभरात मी धड झोपले नाही. पोर झोपली की टेप घेऊन तिच्याजवळ जायची, आणि आकडा बघायच्या आधीच टेप गुंडाळून ठेवायची. तुझ्याकडे यायची ती रडकं तोंड घेऊन. एकदा तू चिडून म्हणालीस, "तुज्या भ्यानंच पोर सुकंल!" ते मला फार लागलं होतं. आता वाटतं, माझी अवस्था तुला बघवत नव्हती.

पुढची दिवाळी आली. पोरीला सहा पुरी झाली होती. तू तिला उभी केलीस आणि मला हाक मारलीस. "ये, बघ. तीन बोटं!" बाही खरोखरच मनगटाच्या वर. मी स्वतः बोटं लावून पाहिली, तीन. आये, मला इतका आनंद झाला की मी तिथेच खाली बसून रडले. ह्यांना फोन केला, "वाढली हो, वाढली." तू पोरीची अलाबला घेतलीस आणि चुलीकडे वळलीस, जरा घाईनेच.

मग मी स्वेटर घडी घालायला घेतला. हिरवा पट्टा चार बोटं. लाल चार बोटं. निळा एकच बोट, आणि लगेच पिवळा काठ. मी दहा वर्षांची असताना तूच मला विणायला बसवलं होतंस आणि टाके चुकले म्हणून हातावर सुई मारली होतीस. "मोजल्याबिगर सुई खाली ठेवायची नाय." तेव्हापासून माझा डोळा आपोआप मोजतो. निळ्याच्या सोळा ओळी मी मागच्या वर्षी मोजलेल्या होत्या. आता चार होत्या. दोन्ही बाह्यांवर चार. बारा ओळी म्हणजे तीन बोटं. मी पुन्हा मोजल्या. तू भाकरी थापत होतीस, पाठ माझ्याकडे, आणि भाकरी थापता थापता तुझा हात थांबला. मी मोजतेय हे तुला कळलं होतं. मी काही विचारावं म्हणून तू थांबली होतीस का गं?

मी स्वेटर घडी करून कपाटात ठेवला आणि म्हटलं, "आये, लवकर वाढ, मला भूक लागलीय."

पंधरा दिवसांत तू गेलीस. सकाळी चहा ठेवायला बसलीस आणि भिंतीला टेकलीस ती टेकलीसच. नवा पट्टा जोडायचा राहूनच गेला. दहाव्यानंतर तुझा डबा उघडला तर तळाशी निळ्या लोकरीचे दोन छोटे गुंडे, उसवलेली लोकर असते तसे कुरळे. मी झाकण लावलं. आणि पुढचे सात महिने, कुणी विचारलं, मला स्वतःलाच शंका आली, तरी मी एकच सांगायची, "आजीने मोजली होती. तीन बोटं वाढलीय." तुझं खोटं मी तुझ्या माघारी सांभाळत बसले.

जूनमध्ये पनवेलच्या बाजारात युनिफॉर्मच्या दुकानात गेले. मागे वाढत्या अंगाचा म्हणून मोठाच घेतला होता. दुकानदार हसत म्हणाला, "ताई, तिसरं वर्ष, नंबर तोच. पैसे वाचले की तुमचे!" तिथून पोरीला घेऊन थेट मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पोरीचा सुजरा चेहरा पाहिला, कोरडे हात पाहिले, आणि जूनच्या घामात तिच्या अंगात स्वेटर पाहिला. "हिला थंडी फार वाजते का?" एवढंच विचारलं. एक रक्ताची तपासणी, आये. गळ्यातली ग्रंथी काम करत नव्हती. औषध काय, तर रोज उपाशीपोटी एवढीशी गोळी. "वर्षभर आधी आणलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या.

पोर वाढली. पळायला लागली, भांडायला लागली. पण गेलेली उंची सगळी नाही आली. चार फूट आठ इंच. कॉलेजात पुढच्या बाकावर बसते आणि घरी येऊन म्हणते, "मी आजीवर गेलेय." तेव्हा मला तुझा राग येतो. खूप येतो. तू मला झोप लागावी म्हणून ते केलंस हे कळतं, तरी येतो. आणि मग माझाच येतो, कारण तू तर न शिकलेली, लोकरीलाच जाणणारी. मी मोजून गप्प बसले.

आज रविवार. पुढचं आज लिहितेय.

ती जेवणानंतर बसली. बाही हातात धरून बराच वेळ बघत राहिली. "आई, हिरवा-लाल एवढे रुंद आणि निळा एवढासा का? त्या वर्षी वाढलेच नाही मी?" मग डब्यातला निळा गुंडा काढून बोटावर ताणला. "हा तर विणलेला होता. कुरळा आहे बघ. आजीने मुद्दाम उसवला?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, आये. आणि तोंडातून निघालं ते तुझंच. "लोकर सैल झाली होती गं. धुऊन धुऊन होते तशी."

ती उसवत गेली, आणि लडी करायला मला दोन्ही हात पुढे धरायला लावले. निळा संपला, लाल सुरू झाला. माझे हात थरथरत होते, लोकर सारखी घसरत होती. तिने मान वर करून पाहिलं.

"आई, थंडी वाजतेय तुला?"

बाहेर ऊन रणरणत होतं. मी हो म्हटलं.