पदरानं पुसलेली चकती

प्रिय वैशाली,

आज तुझ्या आई पाटणहून सांगलीला आल्या होत्या, आपल्या प्रयोगशाळेत. त्या गेल्यापासून मी तुझ्या स्टुलावर बसून आहे आणि काय करावं ते सुचत नाही. विचारायचं तरी कुणाला? चकती तुझी, काम तुझं. म्हणून तुलाच लिहिते आहे. गेलेल्या विद्यार्थिनीला पत्र लिहिणारी बाई तू खुळ्यात काढली असतीस. काढ!

तुझा डबा, स्वेटर, ओढणी मी पिशवीत भरून ठेवली होती. आईंनी तिकडे बघितलंही नाही. "आवं म्याडम, ती म्हनायची, आरशागत तांबं घासतो आमी. ते कुठं हाय?"

मी कपाटातून शेवटची चकती काढली. रुपयाएवढी. तीच गं, जी तू ताप अंगावर काढून घासत बसली होतीस. नुसती कणकण आहे म्हणालीस! मग पाटणला गेलीस, तिथून साताऱ्याला हलवलं आणि मग फोनच आला. एवढी कसली घाई होती? तांबं काय पळून जाणार होतं?

आईंनी चकती तोंडासमोर धरली. बराच वेळ बघत राहिल्या. "हिच्यात माज्या पोरीचं त्वांड रोज दिसलं आसंल न्हवं?" मी मान हलवली. आणि मग त्यांनी ती पदरानं पुसली. वैशाली, पुसली गं, माझ्या डोळ्यांदेखत! देवाचा टाक पुसावा तशी. साधं बोट लागलं तरी तू अख्खं डिपार्टमेंट डोक्यावर घ्यायचीस. "मॅडम, हात नका लावू!" म्हणून मलासुद्धा ओरडायचीस. आज मी त्यांना पुसू दिलं.

"ही मला द्या. देवाऱ्यात ठिवते."

मशीनमध्ये आयनांचा मारा झाला की हा आरसा उरणार नाही, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, हिच्यावर थोडं काम राहिलंय. "तिचंच न्हवं?" म्हटलं, तिचंच. "मग करा. पर आनून द्या."

पहिल्या सेमिनारला तू आईंनी जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून शिवलेली वाकळ घेऊन आली होतीस, आठवतं? फळ्यासमोर पसरलीस. वरून तांबं गुळगुळीत दिसतं, पण ते असं तुकड्यातुकड्यांचं असतं, म्हणालीस. प्रत्येक कणातले अणू निराळ्या दिशेनं रचलेले. मशीनमधले आयन, म्हणजे वेगानं सोडलेले भारित अणू, आदळले की तांब्याचे अणू उडतात, पण सगळीकडून सारखे नाहीत. एक कण भराभर झिजतो, शेजारचा तग धरून बसतो, आणि गुळगुळीत पृष्ठभागावर पायऱ्या पडतात. "धुऊन धुऊन हा लुगड्याचा तुकडा विरला, आणि बाबांच्या मिलिटरीच्या शर्टाचा बघा, हाय तसाच!" सगळे हसले आणि सगळ्यांना कळलं. मला अजून तसं शिकवता येत नाही.

आता एकच प्रश्न उरला होता. हा खडबडीतपणा कुठंतरी थांबतो की वाढतच जातो? मी म्हणत होते, थांबत असेल. "न्हाई थांबत मॅडम, लावा पैज!" ही शेवटची चकती सगळ्यांत जास्त वेळ माऱ्याखाली ठेवली की उत्तर मिळणार होतं. ज्या तांब्याच्या पट्टीतून आपण चकत्या कापल्या, तीही संपली. दुसरं तांबं आणलं तर कण दुसरे, मग सगळं पहिल्यापासून. पहिल्यापासून कोण करणार? तू नाहीस ना!

आई गेल्यावर चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. एका बाजूला पदराचे बारीक ओरखडे. पुन्हा घासू? मग तो हात माझा. तुझ्या हातची शेवटची चमक मीच खरवडून काढू? तशीच आईंना देऊ? मग तुझं काम कायमचं अर्धवट. मशीनमध्ये घालू? मग त्या माउलीला काय देऊ, आंधळा तुकडा? सांग ना! गप्प बसायची तुझी सवय नव्हती गं. मी टेबलावर डोकं टेकून मोठ्यानं रडले. शिपाई दारात आला आणि दार ओढून घेऊन परत गेला.

नाक पुसायला काहीतरी शोधत तुझा ड्रॉवर उघडला, तर ती स्टीलची पट्टी हाताला लागली. दर चकतीचा अर्धा भाग आपण तिच्याखाली झाकतो. झाकलेला भाग होता तसाच राहतो आणि उघडा भाग किती खोल गेला ते त्याच्यावरून मोजतो. इतकी वर्षं हे मीच शिकवते. आज दुपारभर माझ्या डोक्यातही आलं नाही!

ओरखडे आहेत ती बाजू पट्टीखाली जाईल. मोजायला तेवढे ओरखडे चालतात. तू कुरकुरली असतीस, तरी चालतात.

मोजायच्या आधी निकाल सांगू नये, हेही मीच शिकवलं. पण पैज तू जिंकलीस. तू गेल्यापासून बघते आहे, हा खडबडीतपणा थांबत नाही गं.

उद्या चकती आत ठेवते. काम झालं की मी स्वतः पाटणला जाईन, आईंच्या हातात ती देईन आणि खरं सांगेन. ह्या अर्ध्यात तिचं काम आहे, आणि तुमचा पदर फिरला त्या अर्ध्यात अजून तोंड दिसतं. पदरानं पुसू नका, असं मात्र मी त्यांना कधीच सांगणार नाही.

तुझी,
मॅडम