शुफेनबाईंच्या मरणाला टाळ्या

जनाबिया, बहारीन
बुधवार (गौरवला विचारून लिहिला आहे)

तीर्थरूप दादास,

पूर्णिमाचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगाला गुडघा तयार नाही. डोके टेकवले आहे, बाकीची अंगे समजून घ्यावीत.) तुझा रक्तदाब, वहिनींची कंबर आणि शेजाऱ्यांशी चाललेले पार्किंगचे भांडण, तिन्ही आटोक्यात असतील असे धरून चालते. मी बरी आहे. हे वाक्य मी दर आठवड्याला फोनवर म्हणतेच, पण तेव्हा गौरवने फोन स्पीकरवर ठेवलेला असतो आणि माझ्या प्रत्येक शब्दाला कश्मिरा मान डोलावते. मुलगा-सुनेसमोर माणूस नेहमी बराच असतो. म्हणून हे पत्र. गौरवच्या ऑफिसातला स्वरूप उद्या रात्री सांगलीला निघतो आहे, तो हे तुझ्या हातात देईल. त्याला चहा दे, पण माझ्याबद्दल काही विचारू नकोस. त्याने क्लिप पाहिली आहे.

क्लिपचे नंतर सांगते. आधी शुफेनबाई.

आमच्या कंपाउंडमधली घरे सगळी सारखी आणि पांढरी. सकाळी गाड्या निघून गेल्या की मागे आम्ही दोघीच उरतो, मी आणि समोरच्या घरातल्या वेन शुफेन. बाई चीनच्या. वय माझ्याएवढे, पाठ माझ्यापेक्षा ताठ, हातात कायम गरम पाण्याचा थर्मास. (बाहेर पंचेचाळीस अंश असताना त्या गरम पाणी पितात. मी चहा पिते, म्हणून बोलत नाही.) आमच्यात भाषा नाही. मला मराठी येते, हिंदी जेमतेम, आणि इंग्रजी मनातल्या मनात. त्यांना चिनी येते. फोनमध्ये भाषांतर करणारे यंत्र आहे. त्यावर मी एकदा चहा घेणार का असे विचारले, तर बाई उठून घरी गेल्या आणि छत्री घेऊन आल्या. त्यानंतर यंत्र बंद.

त्यांचे चरित्र मला असे कळले: त्यांच्या मुलीने, मिनने, ते कश्मिराला इंग्रजीत सांगितले, कश्मिराने मला गाडी चालवता चालवता मराठीत सांगितले, आणि सिग्नलला जे राहून गेले ते मी जोडले. (जन्मभर आठवीचे पेपर तपासल्यावर मधले दुवे जोडायची सवय लागते.) शुफेनबाई चित्रपटांत होत्या. त्यांच्या गावाकडच्या सरकारी स्टुडिओत त्या लहान वयात कपडेपटात लागल्या. एकदा नायिकेची बहीण झालेली मुलगी विहिरीत पडायला तयार होईना, म्हणून तिचे कपडे घालून यांना ढकलले. त्या इतक्या चांगल्या पडल्या की दिग्दर्शकाने पुढच्या चित्रपटात त्यांना क्षयाने मारले. मग ते ठरूनच गेले. नायकाची आई, नायिकेची दाई, गावातली मास्तरीण, सैनिकाची बायको. मध्यंतराच्या आत कुणी मेल्याशिवाय नायकाला सूड सुचत नाही (आपल्याकडेही तसेच), आणि ते कुणी म्हणजे शुफेनबाई. बर्फात, बाळंतपणात, गोळीने, एकदा तर दुसऱ्यासाठी ठेवलेला काढा पिऊन. एका चित्रपटात त्या शेवटपर्यंत जगणार होत्या. तो डब्यातच राहिला. नवरा त्याच स्टुडिओत कॅमेरामन. कुणी मेले की कॅमेरा लगेच नायकाच्या डोळ्यांवर न्यायचा अशी तिथली शिस्त होती, आणि ती त्याने लग्नानंतरही पाळली. त्यामुळे आयुष्यभर मरूनही बाईंचे एकही मरण पडद्यावर पुरे झालेले नाही. नवरा गेला. स्टुडिओ विकला. त्या जागेवर फरश्यांचा बाजार उभा राहिला, मिनला त्याच बाजारात नोकरी लागली, कंपनीने तिला इथल्या सलमाबादच्या गोदामावर पाठवले, आणि आईला एकटे ठेवायचे कुठे म्हणून आई आली. (हा शेवटचा भाग कश्मिराने सांगायची गरज नव्हती. तो मला पाठ आहे.)

पडद्यावर जे राहिले ते बाई रोज दुपारी माझ्या हॉलमध्ये पुरे करत. आधी टॅबलेटवर जुना चित्रपट लावून तुकडा दाखवायच्या, मग टॅबलेट उपडा ठेवून स्वतः उभ्या राहायच्या. सोफा म्हणजे नदी, सेंटर टेबल म्हणजे बाळंतिणीची खाट. मरायला त्या घाई करत नसत. क्षयाचे मरण तर माझा चहा गार होईपर्यंत चालले. शेवटी एक बोट राहते, ते हलते, आणि मग ते बोटही जाते. दादा, मी खूप नाटके पाहिली, पण बोटाला असे एकटे मरताना कधी पाहिले नव्हते. मी टाळ्या वाजवल्या. आणि तू बाल्कनीतून ओरडायचास, खाली बसलेले बाबा मान वर करून बघायचे, तसे तोंडातून गेले, "वन्स मोअर!" बाईंनी डोळे उघडले. मी पुन्हा म्हटले. त्यांना कळले. त्या उठल्या, केस नीट केले आणि पहिल्यापासून मेल्या. एवढा एकच मराठी शब्द मी त्यांना शिकवला. (तो इंग्रजी आहे असे कश्मिरा म्हणते. मला पटलेले नाही.)

इथे आल्यापासून मी कुणाच्या उपयोगाची नव्हते. पोळ्या विकत येतात, भांडी यंत्र घासते. दुपारी चार वाजता मात्र कुणाला तरी माझी गरज होती. प्रेक्षकाची नोकरी, पण नोकरी होती.

ती गेली, ती अशी. मागच्या महिन्यात एका सोमवारी बाई आल्या त्या टॅबलेट न घेताच. चेहरा पांढरा. मला वाटले, आज पावडर लावून आल्या आहेत. सोफ्याच्या कडेला टेकल्या, हात थरथरला, कपाळावर घाम आला (घाम कसा आणला, याचे मला कौतुक वाटले) आणि काही न करता हळूच खाली सरकल्या. बोट नाही, नदी नाही, शेवटचा श्वास नाही. मी मनात म्हटले, ही खरी कलावंत, उतारवयात सगळा पसारा टाकून दिला. इतके संयत काम मी पाहिले नव्हते. मी टाळ्या वाजवल्या. वन्स मोअर म्हटले. त्या उठल्या नाहीत. मला वाटले, टाळ्या कमी पडल्या.

तेवढ्यात एसीचे पाणी बघायला खिजर आला. हा आपल्या दापोलीकडचा, कंपाउंडची दुरुस्ती बघतो. दारातच थबकला. "अवो बाय, टाळ्या काय वाजवताव! बाई थंडगार पडलीय!" मी म्हटले, "थांब, अजून संपले नाही." तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिला, त्याच नजरेने पुढे सगळ्यांनी बघितले. मग त्याने फोन लावला आणि यल्ला यल्ला (इथले 'चला, चला') करत बाहेर पळाला. अँब्युलन्स आली. बाईंची साखर खाली गेली होती. दोन दिवसांनी घरी आल्या. वाचल्या.

आता क्लिप. माझ्या सुरक्षिततेसाठी गौरवने हॉलमध्ये कॅमेरा बसवला आहे. त्यावेळी तो मीटिंगमध्ये होता, कॅमेरा मात्र कामावर होता. आपल्या घरात कुणी काही वावगे केले नाही हे मिनला कळावे म्हणून त्याने, स्वतः न बघता, ते चित्रण तिला पाठवले. मग दोघांनी आपापल्या ठिकाणी बसून पाहिले. जमिनीवर एक बाई निपचित, आणि तिच्याकडे तोंड करून खुर्चीत बसलेली दुसरी टाळ्या वाजवते आहे. आवाजही येतो. कॅमेरा नायकाच्या डोळ्यांवर जात नाही. माझी चित्रपटातली कारकीर्द एवढीच. मिनचे उत्तर आले की आई आता घरीच विश्रांती घेईल. त्या दिवसापासून समोरचा पडदा ओढलेला आहे.

रात्री जेवताना गौरव म्हणाला, "आई, तुला खरंच कळलं नाही?"

"त्या रोज मरतात रे," मी म्हटले.

त्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिले. कश्मिरा हळू म्हणाली, "आपण एकदा आईंची मेमरी टेस्ट करून घेऊ." हळू म्हणजे मला ऐकू येईल इतके.

टेस्ट झाली. डॉक्टरांनी विचारले, आज वार कोणता. इथे शुक्रवारी सुट्टी आणि रविवारी ऑफिस. मी म्हटले, कुणाचा वार सांगू? त्यांनी लिहून घेतले. तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने ते पुन्हा विचारले. मी सांगितले, वर हेही सांगितले की तिन्हीत काही संबंध नाही, अशाने मुले पाठ करत नाहीत. तेही लिहून घेतले. निष्कर्ष, वयाच्या मानाने ठीक. कश्मिराने विचारले, "ठीक म्हणजे किती, डॉक्टर?" आता गॅसची कळ बंद करून ठेवतात. दुपारी चारला गौरवचा फोन येतो, "काय करतेयस?" मी म्हणते, बसले आहे. ते खरे असते. समोरच्या पडद्याकडे बघत बसलेली असते. मला वेड लागले आहे असे त्यांना वाटते याचे दुःख नाही. ज्या बाईने मला पहिल्यांदा शेवटपर्यंत मरून दाखवले, ती खरेच मरत असताना मला फरक कळला नाही. मग मी इतके दिवस काय बघत होते? हे दुपारी चार वाजता फार वाटते.

काळजी करू नकोस. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो थोडा जवळून असता तर बरे झाले असते.

तुझी,
पूर्णिमा

ता. क. जवळून म्हणजे, दादा, तू आजारी पड. गौरवला फोन कर, म्हण की पडलो, वहिनींना एकटीने झेपत नाही, पूर्णीला पाठव. हाड मोडू नकोस, तो एक्स-रे मागेल. चक्कर पुरे. चक्करीचा फोटो येत नाही. आवाज बारीक काढ आणि मधे थांब. आपल्या घरात माझ्यानंतर नाटकाचे अंग तुलाच आहे. मला इथून ने.

ता. क. २. गुरुवार. स्वरूप रात्री पाकीट न्यायला येणार आहे. दुपारी बेल वाजली. शुफेनबाई. मिन गोदामावर, बाई घरच्या सपातांवर, हातात थर्मास. माझ्याकडे बघितले नाही. आत आल्या, सोफ्यावर बसल्या, हात थरथरला आणि खाली सरकल्या. दादा, तेच. तस्सेच. मी खिजरला हाका मारल्या, साखरेचा डबा उपडा केला, चिमूटभर त्यांच्या ओठांत कोंबली, नाडी बघू लागले. बाईंनी एक डोळा उघडला. ऐन प्रवेशात पहिल्या रांगेतला माणूस खोकला की नट जसा बघतो, तसे बघितले. साखर थुंकली. मग माझ्या हातांकडे बोट दाखवले आणि डोळा मिटून वाट बघत पडून राहिल्या.

मी टाळ्या वाजवल्या. रडत वाजवल्या, त्यामुळे ताल राहिला नाही. त्या मान्य करतील इतका वेळ वाजवल्या. मग त्या उठल्या, केस नीट केले, आणि मी म्हणायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "वन्स मोअर."

ता. क. ३. पत्र फाडून दुसरे लिहायला वेळ नाही. कॅमेऱ्यावर मी पंचा टाकला आहे, गौरवचा फोन येईलच. तू आजारी पडू नकोस. पडला असशील तर ऊठ.