मुका खांब

४ डिसेंबर, अमरावती
उरलेल्या लोकरीची पिशवी काढली. मंगेशच्या लहानपणीच्या स्वेटरची मरून, माझ्या शालीची राखाडी, थोडी पिवळी. क्रोशाची खेळणी करायची, आधी ससा. पोटात भरायला जुन्या उशीतला कापूस. नात समोर बसून बघत होती. मनूला चार पूर्ण झाली, अजून एक शब्द नाही. कान चांगले, जीभ चांगली, असं डॉ. म्हणतात. मग वाईट काय, ते कुणी सांगत नाही.

६ डिसें.
ससा झाला. एक कान मोठा, एक लहान. मनूनं मोठा कान तोंडात घातला. पल्लवी कोर्टातून आली तीच म्हणाली, "आई, लोकर पोटात जाईन तिच्या. कोण पाहून राह्यलं होतं?" सून वकील असली की घरातही उलटतपासणी. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, मला कुणी असं विचारलं नव्हतं. मनूला दिवसभर सांभाळते कोण, हे नाही विचारत.

९ डिसें.
आज घात झाला.
हत्तीचं डोकं घेतलं होतं. सगळं मुक्या खांबांचं. तो सगळ्यांत बुटका टाका, घट्ट बसतो, आतला कापूस दिसत नाही. पण मोजणी चुकली की डोकं वाकडं, म्हणून मी मोठ्यानं मोजते. "एक मुका, दोन मुका..." मध्येच एक सैल पडला. म्हटलं, "असल्या मुक्यांचा काही उपयोग नाही." मनू समोरच बसलेली.
आणि पल्लवी दारात. लवकर आलेली, चपलाही काढल्या नव्हत्या. तिनं तेवढंच ऐकलं. मनूला उचललं, बॅग भरली, संध्याकाळी सहाच्या गाडीनं दोघी अकोल्याला, जठारपेठेत, तिच्या आईकडे.
मंगेश आला. "आई, काय बोलली तू?" टाक्याचं नाव आहे रे ते! "मुका? टाक्याचं नाव?" हसलाही नाही. सख्खा मुलगा.

१० डिसें.
पल्लवी फोन उचलत नाही. मी काहीही चूक केलेली नाही. डोकं पूर्ण केलं. मनातल्या मनात मोजलं, दोनदा चुकले.

१४ डिसें., रवि.
मंगेश अकोल्याला जाऊन आला. मनू बरी आहे, जेवते. पल्लवी इकडे यायचं नाही म्हणते, त्यानंच तिकडे बदली मागावी. आणि हा मागणार आहे. "मी काय करू आई, तूच सांग." मी काय सांगणार! राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग. हत्तीला तीन पाय लावले, राखाडी संपली. चौथा मरून.

१६ डिसें.
हे कुणाला दाखवायचं नाही.
दुपारी धाकट्या बहिणीचा फोन, अंजनगावहून. इकडचं तिकडचं झालं आणि म्हणाली, "तुई मुकी कशी आहे व?" हा शब्द तिला मीच दिला. दिवाळीत, फोनवर. "आमची मुकी झोपली, आता बोल निवांत." एकदा नाही. पल्लवी तेव्हा स्वयंपाकघरात होती की बाहेर, आठवत नाही. प्रेमानं म्हणत होते, असं लिहिणार होते. नाही लिहीत.

२१ डिसें.
अकोल्याला जाऊन आले. विणकामाचं पुस्तक नेलं, पानाला खूण घालून. वकिलीणबाईंना पुरावा. ससा, हत्ती आणि एक कासव.
विहीणबाईंनी पोहे केले, चहा केला, मानपान सगळा. पल्लवीनं पान वाचलं. 'मुका खांब'. पुन्हा वाचलं. पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "तुमी खोटं नाई बोलून राहिल्या, आई. पण तवा ऐकलं तं मले नवल नाई वाटलं. काहून नाई वाटलं, सांगा बरं."
उत्तर होतं माझ्याकडे. कपाकडे बघत बसले. तिला काय कळायचं ते कळलं.
मनू आतून आली. पिशवीतलं कासव काढलं आणि गेली. माझ्याकडे बघितलं की नाही, सांगता येत नाही. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत पुस्तक मांडीवरच होतं.

२ जाने.
मंगेशची बदली झाली. १५ला जातो. "तू पण चल" म्हणाला नाही. मी वाट पाहिली नाही असं नाही.
लोकर शिल्लक आहे, पिवळी. काही करावंसं वाटत नाही.

९ जाने.
पल्लवीचा फोन. स्वतःहून. "आई, मनूले बोलायले शिकवणाऱ्या मॅडम लावल्या. त्या म्हणून राहिल्या, दिवसभर ती ज्यायच्याजवळ राहायची, त्यायले विचारा. तुमी काय काय बोलायच्या तिच्याशी, ते लिहून पाठवा. तिच्या कानावरचे शब्द पाहिजेत, तिथून सुरू करतो म्हणतात."
लिहून देते म्हटलं. मला विचारलं कुणीतरी. "मग मी येऊ का तिकडे..." तर म्हणाली, "पाहू आई. आधी ते पाठवा." ठेवला फोन.
लगेच कागद घेऊन बसले. ये. बस. जेव. हात लावू नको. गुंता करू नको. झोप.
चहा निवला. पुढचं आठवत नाही. चार वर्षं लेकरू समोर होतं, आणि बोलत मी होते फोनवर, बहिणीशी. टाके मोजतानाचे आकडे लिहू का? एक ते छत्तीस, रोज ऐकलेत तिनं. पण तेही मी तिच्याशी बोलत नव्हते.