कोमातल्या जाऊबाईचा सत्कार

३ मार्च २०१६
कोमाचा सत्तेचाळिसावा एपिसोड. दुपारी एकच्या मालिकेतली थोरली जाऊबाई म्हणजे मी. जिन्यावरून पडल्यापासून पलंगावरच. लोकांना वाटतं, नुसतं झोपायचं तर आहे. डोळे मिटून अभिनय करून बघा म्हणावं! आज आतून आलं म्हणून करंगळी हलवली. डायरेक्टरने कट केलं. म्हणाला, ताई, डॉक्टर आत्ताच म्हणाले की आशा नाही, आणि तुम्ही बोटं काय नाचवताय. कालचं पोर. सोडून दिलं.
संकल्प : रोज योगा. साखर बंद.

९ मार्च
साखर उद्यापासून.
मेकअपवाला हरिबा म्हणाला, थोरलीला मारायचं चाललंय. तडक मोहनरावांना गाठलं. आमचे निर्माते. चहासुद्धा विचारला नाही. म्हणाले, बाई, तुम्हाला बघतं कोण? मी म्हटलं, अख्खा बीड जिल्हा. ते म्हणाले, दाखवा.
दाखवतेच.
बाहेर येऊन पाच मिनिटं रडले. खरं म्हणजे पंधरा. ही मालिका गेली तर मला दुसरी कोणी देणार नाही. हे वहीत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

११ मार्च
सर्जेरावला फोन. माझा धाकटा भाऊ, नेकनूरजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेचा चेअरमन. म्हटलं, माझा सत्कार ठेव, व्हिडिओ काढून मोहनरावांच्या तोंडावर मारायचाय. म्हणाला, छबे, हितं दुष्काळ हाय, जनावरं समदी छावणीत, संस्थेत दिसाला दीड कॅन दूध येतंय, आन् तुला सत्कार सुचतोय? मला शरयू म्हण असं चौदा वर्षं सांगतेय. मग आठवण करून दिली की पुढच्या महिन्यात संस्थेची निवडणूक आहे आणि स्टेजवर माझ्या शेजारी तोच बसेल.
लगेच म्हणाला, किती बाया पायजेत?
पाचशे म्हटलं. पण उत्स्फूर्त.

१९ मार्च, बीड स्टँड
गॉगल आणि स्कार्फ लावून उतरले, उगाच गर्दी नको. गर्दी झाली नाही. स्कार्फ काढला. गॉगलही काढला. नेकनूरच्या बसचा कंडक्टर बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, बॅग मांडीवर घ्या. लोक मला बघून बुजतात.

२० मार्च, संध्याकाळी ५
काय दिवस! पाचशे नाही, सहाशे बायका. आणि प्रत्येकीच्या डोक्यावर कळशी, घागर, हंडा. कलश घेऊन स्वागत! काहींनी प्लास्टिकचे ड्रम आणले होते. तांब्याचे कलश नसतील बिचाऱ्यांकडे. भावना महत्त्वाची.
ऊन रणरणत होतं. माझ्यावर मंडप होता. स्टेजमागे संस्थेचा दुधाचा टँकर उभा. सर्जेराव म्हणाला, दूध न्हाई म्हणून सध्या पाणी वाहतो त्यात, असू दे तितंच. त्याने मला झेंडूचा हार घातला आणि माईकवरून दम भरला की आधी ताईचं भाषण, मग वाटप, मधीच कुनी हाललं तर बघा. वाटप कसलं ते विचारायचं राहिलं. पेढे असावेत.
पंचावन्न मिनिटं बोलले. बालपण, संघर्ष, कोमा. एकही बाई जागची हलली नाही! मुंबईत लोक दहाव्या मिनिटाला मोबाईल काढतात. पुढची जागा धरायला दोघींनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या. माझ्यासाठी. मला भरून आलं, बोलताही येईना, म्हणून संघर्ष पुन्हा पहिल्यापासून सांगितला.
पहिल्या रांगेत भिमाबाई. चौथीपर्यंत माझ्या शेजारी बसायची. सकाळी सातपासून येऊन उभी होती म्हणे. मधून मधून ओरडत होती, छबे, आटप की गं माय. इतक्या वर्षांनी तोच जिव्हाळा. मग एकाएकी धाडकन पडली. मला बघून चक्कर! हे फक्त मोठ्या स्टारच्या बाबतीत होतं. कुणीतरी तिच्या तोंडावर शिंपडायला पाणी मागितलं. सर्जेराव म्हणाला, भाषण संपल्याबिगर कॉक उघडनार न्हाई, एकीला दिलं तर समद्या टँकरवर तुटून पडतील. मग मीही आणखी दहा मिनिटं बोलले, कारण कॅमेरावाल्या त्रिंबकला मी आणि भिमाबाई एका फ्रेममध्ये सापडत नव्हतो.
भाषण संपलं तशी गर्दी उसळून स्टेजकडे धावली. माझी सही हवी असणार. पण सगळ्या मागच्या बाजूला गेल्या. लाजल्या.

२१ मार्च
भिमाबाई बीडच्या दवाखान्यात आहे, सलाईनवर. बघायला जाणार होते, पण रिझर्वेशन होतं. पुढच्या वेळी नक्की. ती आता पंचावन्नची दिसते. एकाच वर्गात होतो आम्ही आणि मी चौतीसची. दुष्काळात माणूस लवकर म्हातारं होतं.

२९ मार्च
मोहनरावांनी व्हिडिओ तीनदा बघितला. पोट धरून हसले, आनंदाने. म्हणाले, ही तहान आमच्या एकाही नटीच्या चेहऱ्यावर नाही. मी थँक्यू म्हटलं. त्यांनी व्हिडिओतला एक फोटो मागून घेतला : मी समोर बघतेय, हसतेय, गळ्यात हार. पोस्टर करणार, दुसरं काय!
संकल्प : पर डेचे, म्हणजे दिवसाचे, पैसे वाढवून मागायचे. साखर पुन्हा सुरू, आनंदाचा प्रसंग आहे.

४ एप्रिल
सेटवर माझा पलंग नव्हता. हरिबाने मेकअप करायला नकार दिला. मान खाली घालून म्हणाला, आज गरज नाही ताई.
दिवाणखान्याच्या भिंतीवर फ्रेममध्ये मी. सत्काराचा फोटो. आर्टवाला खूश, म्हणाला, हार गळ्यातच आहे, वेगळा आणावा लागला नाही. धाकटी जाऊ समोर उदबत्ती लावत होती. मला मरूसुद्धा दिलं नाही. एका वाक्यात उरकलं : थोरल्या वहिनी पहाटे गेल्या.
शांतपणे विचार केला. भिंत मधोमध आहे. म्हणजे आता प्रत्येक सीनमध्ये मी. पाठांतर नाही, कॉलटाइम नाही. ही बढतीच. मोहनरावांना पर डेचं विचारलं. म्हणाले, फोटोला पर डे नसतो.
आज किती वेळ रडले ते बघितलं नाही.

१२ एप्रिल
सर्जेरावचा फोन. काल एपिसोड लागला आणि महिन्यात पहिल्यांदाच गावात दुपारी एकला लाईट होती. सगळ्यांनी बघितलं. अख्ख्या गावाला वाटतंय मी गेले. तोच फोटो, तोच झेंडूचा हार, आता समोर उदबत्ती. आईला तेवढं खरं सांगितलंय म्हणाला. बाकी कुणाला नाही, रविवारी मतदान आहे, लोक भेटायला येतायत, बरं चाललंय.
रागावणार होते. पण आधी राहवेना म्हणून विचारलं, बायका रडल्या का रे?
तो म्हणाला, भिमाबाई आल्ती पयली, दवाखान्यातून सुटून सरळ आपल्या दारात.
मला हुंदकाच आला. एकीने तरी ओळख ठेवली. काय म्हणाली ते शब्दन् शब्द सांग, म्हटलं.
शब्दन् शब्द सांगितला. दारातच उभी राहिली, हातात रिकामी कळशी. म्हणाली, छबीच्या दहाव्याला टँकर येनार हाय का, आन् ह्या बारीला भाषन तर न्हाई ना?